लिंगावरच्या लायकन स्क्लेरोससचा कोड: एल९०.० का नाही? आणि डॉक्टरांची नोट अपुरी असेल तर काय करायचं?

मुग्धा_कोडर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी पुण्यात मेडिकल कोडिंग करते, सात वर्षं झाली. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट आमच्याकडे येतात. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचून आम्ही निदानाचे (आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी यादीतले) आणि शस्त्रक्रियेचे कोड लावतो आणि त्यावर तिथल्या विमा कंपनीकडे क्लेम जातो. गेलं दीड वर्ष माझ्याकडे युरॉलॉजी आहे.

विषय पुरुषांच्या गुप्तांगाच्या त्वचेचा आहे. लायकन स्क्लेरोसस म्हणजे कातडी पांढरी, टणक करणारा त्वचेचा आजार. मोकळेपणाने पण नीट शब्दांत बोलू या, एवढीच विनंती. आमच्या टीममध्ये नव्या मुली येतात तेव्हा पहिले काही दिवस असे चार्ट त्यांना कोणाशी बोलायलाही जड जातात. शंका आली तरी विचारत नाहीत, घाईने काहीतरी कोड लावून पुढे जातात. चुका तिथेच होतात, म्हणून हा धागा काढावासा वाटला.

मागच्या आठवड्यातला चार्ट सांगते. वय, तारखा आणि बाकी ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. चाळिशीतला माणूस. नोटमध्ये लिहिलं होतं: पुढची कातडी आठ महिन्यांपासून घट्ट होत चालली आहे, मागे घेताना चिरते, रक्ताचे ठिपके दिसतात, लघवीची धार बारीक झाली आहे. तपासणीखाली: कातडीच्या तोंडाशी पांढरं, टणक कडं, त्यावर सिगारेटच्या कागदासारखी सुरकुतलेली त्वचा. एवढं सुंदर वर्णन, आणि निदानाच्या रकान्यात फक्त "फायमोसिस. बीएक्सओ संभाव्य." (फायमोसिस म्हणजे कातडी घट्ट होऊन मागे न जाणं. बीएक्सओ म्हणजे बॅलनायटिस झेरोटिका ऑब्लिटरन्स, लिंगावरच्या लायकन स्क्लेरोससचंच दुसरं नाव.) पुढे बाह्यरुग्ण म्हणून सुंतेची शस्त्रक्रिया झाली, काढलेली कातडी पॅथॉलॉजीला गेली, सहा दिवसांनी रिपोर्ट आला: लायकन स्क्लेरोसस, डिस्प्लेसिया (कॅन्सरपूर्व पेशीबदल) नाही.

या एका चार्टवर आमच्याकडे चार मतं झाली. नव्या मुलीने एल९०.० लावला, म्हणजे त्वचेचा लायकन स्क्लेरोसस. शेजारच्याने एन४८.१, म्हणजे बॅलनायटिस (शिश्नमुंडाचा दाह). क्यूएचं (काम तपासणाऱ्या टीमचं) म्हणणं, "संभाव्य" लिहिलंय म्हणजे फक्त फायमोसिसचा एन४७.१ धरा. माझं मत एन४८.०, म्हणजे लिंगावरचा लायकन स्क्लेरोसस, आणि जोडीला एन४७.१. मला माझं बरोबर वाटतं, पण नव्या मुलीला कारणासकट समजावता यावं, नुसतं "असंच असतं" म्हणून सोडू नये, असं वाटतं. तुम्ही लोक कसं समजावता? आणि अशा नोटवर डॉक्टरांना क्वेरी (नोट स्पष्ट करायची लेखी विचारणा) पाठवता का?

अविनाश_ऑडिट

मुग्धाताई, तुमचं उत्तर बरोबर आहे. कारण सांगतो. बारा वर्षं ऑडिटला आहे, ही चूक महिन्यातून एकदा तरी हाताखालून जाते.

नवी मुलगी चुकली नाही, अर्ध्यात थांबली. इंडेक्समध्ये (आजारांच्या अक्षरक्रमी सूचीत) "लायकन" काढलं की खाली "स्क्लेरोसस" येतं आणि समोर एल९०.० दिसतो. तिथून तिने टॅब्युलरमध्ये (कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत) जायला हवं होतं. एल९०.० च्या खाली एक्सक्लूड्स २ ची टीप आहे: बाह्य स्त्री जननेंद्रियांचा लायकन स्क्लेरोसस एन९०.४ मध्ये, पुरुषांचा एन४८.० मध्ये. म्हणजे पाठीवर, मनगटावर, मांडीवर असेल तर एल९०.०, लिंगावर असेल तर एन४८.०. एकाच माणसाला दोन्हीकडे असेल तर दोन्ही लावता येतात, कारण ही टीप एक्सक्लूड्स २ ची आहे, १ ची नाही. १ असती तर दोन्ही एकत्र लावता आले नसते. हा फरक तिला एकदा उघडून दाखवा, पुन्हा चुकणार नाही.

एन४८.१ वाल्यांसाठी: एन४८.१ च्या खाली एक्सक्लूड्स १ मध्ये बॅलनायटिस झेरोटिका ऑब्लिटरन्स स्पष्ट लिहिलेलं आहे. बीएक्सओच्या नावात बॅलनायटिस असला तरी तो त्या खोलीत राहत नाही. कॅन्डिडाचा (बुरशीचा) बॅलनायटिसही नाही, तो बी३७.४२. हर्पिसचा ए६०.०१, गोनोरियाचा ए५४.२३. एन४८.१ मध्ये जे उरतं ते थोडं आहे, आणि लोक सगळं तिथेच कोंबतात.

जुन्या लोकांना आठवत असेल, आयसीडी-९ मध्ये बीएक्सओला स्वतःचा कोड होता, ६०७.८१, आणि ल्युकोप्लाकियाला (पांढऱ्या चट्ट्याला) वेगळा, ६०७.०. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिका आयसीडी-१०-सीएमवर गेली आणि दोघांना एन४८.० मध्ये एकत्र बसवलं. कोडचं शीर्षक "ल्युकोप्लाकिया ऑफ पेनिस" आहे, त्याच्या खाली बीएक्सओ, क्रॉरोसिस आणि लायकन स्क्लेरोसस ही नावं आहेत. शीर्षक वाचून "आपल्या नोटमध्ये ल्युकोप्लाकिया कुठे आहे?" असं वाटून मुलं मागे फिरतात. खालची नावं वाचायची सवय लावा.

क्यूएचा मुद्दा मात्र निम्मा बरोबर आहे. बाह्यरुग्णासाठी मार्गदर्शक तत्त्वांच्या चौथ्या विभागात एच कलम आहे: संभाव्य, संशयित, अमुक वगळायचं आहे, याच्याशी सुसंगत, असले शब्द असतील तर ते निदान कोड करायचं नाही, जेवढं निश्चित आहे तेवढंच. म्हणून पहिल्या भेटीला, पॅथॉलॉजी नव्हती तेव्हा, एन४७.१ बरोबर. बारीक धारेसाठी आर३९.१२ जोडता येईल. पण शस्त्रक्रियेच्या दिवसाचा क्लेम तुम्ही रिपोर्ट आल्यावर कोड करताय. पॅथॉलॉजिस्ट हा डॉक्टरच आहे, आणि बाह्यरुग्णात कोड करताना त्याचा अंतिम रिपोर्ट हाताशी असेल तर त्यावरून निश्चित निदान घेता येतं. रुग्ण दाखल असता तर वेगळं. तिथे फक्त पॅथॉलॉजीच्या कागदावरून उचलायचं नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते मान्य केल्याची नोंद हवी.

नेहा_आर

मीच ती नवी मुलगी नाही, पण असू शकले असते. आमच्या क्लासमध्ये हा भाग सरांनी "वाचून घ्या" म्हणून सोडला होता. परीक्षेला आला नाही. थेट कामावर आल्यावर भेटला.

एक विचारू का? सुंतेच्या वेळी कातडी पॅथॉलॉजीला पाठवली तर बायोप्सीचा ५४१०० वेगळा लावायचा का? माझा एक असा क्लेम परत आला.

अविनाश_ऑडिट

नाही, नेहा. अठ्ठावीस दिवसांपेक्षा मोठ्या रुग्णाच्या सुंतेला ५४१६१. त्यातच ती कातडी बाहेर येते. ती तपासायला पाठवली म्हणून बायोप्सी झाली असं होत नाही. ५४१०० च्या वर्णनातच "स्वतंत्र प्रक्रिया" असा उल्लेख आहे, म्हणजे तेवढंच केलं असेल तर. पॅथॉलॉजी लॅब स्वतःच्या बाजूने ८८३०४ लावेल, नवजात नसलेल्याची कातडी त्यात येते. आणि निदानाच्या जागी झेड४१.२ कधी लावू नका. तो रूढी म्हणून केलेल्या सुंतेचा कोड आहे. आजारासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर तो बसला की विमा कंपनी क्लेम नाकारणार.

त्वचावैद्य_कोल्हापूर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात वीस वर्षं प्रॅक्टिस करतो. कोडिंग मला येत नाही, पण नोटचं दुखणं आमच्या बाजूचं आहे म्हणून लिहितो.

बॅलनायटिस झेरोटिका ऑब्लिटरन्स हे नाव स्ट्युमर या जर्मन डॉक्टरांनी १९२८ मध्ये दिलं. लायकन स्क्लेरोससचं वर्णन त्याआधीचं, फ्रान्समध्ये आलोपो यांनी १८८७ मध्ये केलेलं. पुढे कळलं की लिंगावरचा हा आजार तोच आहे. युरॉलॉजिस्ट बीएक्सओ म्हणतात, आम्ही लायकन स्क्लेरोसस म्हणतो, आणि रुग्णाच्या फायलीत एका आजाराची दोन नावं दोन डॉक्टरांकडून येतात. कोडर मंडळींनी हे दोन आजार समजू नयेत.

आता "बॅलनायटिस" या शब्दाबद्दल. त्याचा अर्थ एवढाच की शिश्नमुंडावर दाह आहे. तापाच्या रुग्णाच्या कागदावर निदान म्हणून "ताप" लिहावं, तसं ते आहे. त्या लालीमागे काय काय असू शकतं ते ऐका. मधुमेह्यांमधला कॅन्डिडा. सोरायसिस, जो इथे खपलीशिवाय नुसता लाल चकचकीत दिसतो. लायकन प्लॅनस. झून बॅलनायटिस, ओलसर, लालभडक, कडा स्पष्ट, सुंता न झालेल्या उतारवयातल्या पुरुषांत. आपल्याकडे भरपूर दिसणारं आणखी एक म्हणजे गोळीची ॲलर्जी, फिक्स्ड ड्रग इरप्शन. जुलाबाची किंवा तापाची तीच गोळी पुन्हा घेतली की त्याच जागी तोच काळसर लाल चट्टा उठतो. माणूस घाबरून गुप्तरोग समजतो, बायकोवर किंवा स्वतःवर संशय घेतो. दोष असतो त्या गोळीचा. आणि शेवटी एरिथ्रोप्लेझिया ऑफ क्वेरा, मखमलीसारखा लाल डाग. तो सुरुवातीचा कॅन्सर आहे. हे सगळे एका शब्दाखाली झाकले गेले तर पुढच्या डॉक्टरला काय कळणार?

लायकन स्क्लेरोससला नीट नोंद का हवी, याची माझ्या दृष्टीने दोन कारणं. एक, तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि तिथून आत सरकू शकतो. तोंड आकसतं, धार बारीक होते, पुढे लांबलचक स्ट्रिक्चर (मूत्रमार्ग आकसणं) होतं. या कामात पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींचं नाव जगभर घेतलं जातं. संपूर्ण पुढच्या मूत्रमार्गाच्या स्ट्रिक्चरवर गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावून एकाच टप्प्यात दुरुस्ती करायची त्यांची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. गालातलंच अस्तर का? कारण जननेंद्रियाची कातडी वापरली तर तोच आजार त्या कातडीतही उगवू शकतो. आता शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधीच्या कागदावर "बॅलनायटिस" एवढंच मिळालं तर त्याने काय समजावं? दुसरं कारण, या जागेवर पुढे अनेक वर्षांनी कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. धोका मोठा नाही, पण आहे, म्हणून रुग्णाने बरं वाटलं तरी दाखवत राहायचं असतं.

नोट तोकडी का राहते तेही सांगतो. पडद्याच्या मागे रुग्ण उभा, बाहेर बाकावर त्याचे शेजारी बसलेले. तो पटकन कपडे सावरतो, आम्हीही पटकन बघतो, टेबलाशी येऊन दोन शब्द खरडतो. मी स्वतः पहिली काही वर्षं असंच लिहीत होतो. आता ठरवून लिहितो: नेमकी जागा, कातडी किती मागे जाते, पांढरेपणा आहे का, व्रण किंवा गाठ आहे का, लघवीचं छिद्र कसं आहे, शरीरावर इतरत्र काही आहे का, बायोप्सी केली की नाही आणि का नाही. फार वेळ लागत नाही, दीड मिनिट.

मुग्धा_कोडर

डॉक्टर, मनापासून आभार. "लघवीचं छिद्र कसं आहे" हे वाक्य आमच्या नव्वद टक्के कामाचं आहे असं म्हटलं तरी चालेल, कारण मीटस, म्हणजे ते छिद्र, आकसलेलं असेल तर आमच्याकडे त्याचा वेगळा कोड लागतो. पुरुषांतल्या मीटसच्या स्ट्रिक्चरसाठी एन३५.८११, एन३५.९११ असे कोड आहेत, नोटमध्ये कारण काय दिलंय त्यावर ठरतं. नोटमध्ये शब्दच नसेल तर आम्ही काही लावू शकत नाही. "धार बारीक" यावरून स्ट्रिक्चर गृहीत धरायला आम्ही डॉक्टर नाही.

सुजाता_क्लेम्स

मी ठाण्याला टीपीएमध्ये आहे, म्हणजे भारतातल्या आरोग्य विम्याच्या क्लेमची छाननी. इथलं चित्र थोडं वेगळं आहे म्हणून लिहिते.

आपल्याकडे बऱ्याच पॉलिसींमध्ये सुंता वगळलेली असते, आजाराच्या उपचारासाठी गरजेची असेल तर सोडून. हे "सोडून" सिद्ध करायला आमच्यासमोर फक्त डिस्चार्ज समरी असते. तिच्यात "सर्कमसिजन केले, रुग्ण ठीक" एवढं लिहिलं असेल तर आम्ही प्रश्न पाठवतो, हॉस्पिटल आठवडाभर उत्तर देत नाही, आणि रुग्णाला वाटतं आम्ही अडवणूक करतोय. त्याच समरीत "घट्ट कातडी, वारंवार चिरा, मलम लावून फरक नाही, बायोप्सीत लायकन स्क्लेरोसस" असं असेल आणि रिपोर्ट जोडलेला असेल तर माझ्या टेबलावर फाइल दहा मिनिटंही थांबत नाही.

आमच्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचा मूळ आयसीडी-१० चालतो, अमेरिकेचा सीएम नाही. मूळ यादीत एन४७ खाली फायमोसिस, पॅराफायमोसिस, जादा कातडी सगळं एकाच कोडमध्ये होतं. त्यामुळे नुसत्या कोडवरून मला काहीच कळत नाही, शब्दच वाचावे लागतात.

आणखी एक. अविनाशदादांनी "ल्युकोप्लाकिया" म्हटलं. आपल्याकडे हा शब्द लोकांना माहीत आहे तो तंबाखू-गुटख्यामुळे तोंडात पडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचा. एका गृहस्थांना हॉस्पिटलच्या कागदावर कोडसमोर "ल्युकोप्लाकिया" छापून आलेलं दिसलं. ते घाबरून फोनवर मला सांगत होते, "मॅडम, मी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, हे तोंडाच्या कॅन्सरचं माझ्या नावावर कसं आलं?" त्यांना समजावताना माझाच जीव तुटला. कोडच्या शीर्षकाऐवजी डॉक्टरांचा शब्द छापला असता तर ती रात्र त्यांनी शांत झोपून काढली असती.

अविनाश_ऑडिट

सुजाताताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. अमेरिकेत २०२१ पासून रुग्णाला त्याच्या नोट्स ऑनलाइन लगेच बघायला मिळतात, त्यामुळे तिथेही हेच होत असणार.

मिरजकर_५१

मी कोडर नाही, डॉक्टर नाही. रुग्ण आहे. नाव लिहीत नाही, समजून घ्या.

तीन वर्षांपूर्वी मला टोकाला खाज आणि कोरडेपणा सुरू झाला. आधी दोन महिने कुणाला बोललो नाही. मग औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं, त्यात बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइड असं सगळं एकत्र होतं. लावलं की आठ दिवस बरं, सोडलं की पुन्हा. नंतर गावातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी न बघता विचारलं, "खाज आहे ना?" आणि चिठ्ठीवर "फंगल" लिहून पुढे दोन प्रश्नचिन्हं काढली. दोन वर्षांत तीन डॉक्टर झाले. माझ्या फायलीत "बॅलनायटिस" हा शब्द पाच वेळा आहे, मी आज मोजला. माझ्या बायकोलाही दोनदा गोळ्या दिल्या. तिला काहीच नव्हतं.

कातडी मागे जाणं बंद झालं. एकदा जोर केला तर चिरली आणि चड्डीला रक्त लागलं, ते मी स्वतः धुवून वाळत घातलं, घरात कळू नये म्हणून. सुंता करायला सांगतील या भीतीने आणखी सहा महिने काढले. आमच्याकडे ती कुणी करत नाही, लोक काय म्हणतील असं वाटायचं. शेवटी सांगलीला एका त्वचारोग डॉक्टरांनी दिव्याखाली नीट बघितलं, बोटाने कडं दाबलं, आणि म्हणाले, "हे फंगल नाही." बायोप्सी केली. क्लोबेटासोल लिहून दिलं, किती आणि किती दिवस ते कागदावर काढून दाखवलं. तीन महिन्यांत पांढरेपणा कमी झाला, पण कातडी सुटली नाही. शेवटी सुंता करून घेतली. आता खाज नाही, चिरा नाहीत. त्याआधीची दोन वर्षं मात्र परत मिळणार नाहीत.

मला विचारायचं आहे: आता बरा आहे, तर पुन्हा दाखवायला जावं लागेल का? आणि ते पाच "बॅलनायटिस" फायलीत तसेच राहू देऊ का?

त्वचावैद्य_कोल्हापूर

मिरजकर, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल तुमचे आभार. हे वाचून कुणीतरी सहा महिने आधी दवाखान्यात जाईल.

हो, दाखवत राहा. निदान वर्षातून एकदा, आणि मध्ये कधी न भरणारी जखम, गाठ, कडक जागा किंवा धारेत बदल जाणवला तर लगेच. जुने कागद फाडू नका, त्यावर दुरुस्तीही करू नका. फायलीत सगळ्यात वर बायोप्सीचा रिपोर्ट लावा. रिपोर्टवर नमुन्याचा क्रमांक असतो, त्यावरून लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मिळतो. पुढे कधी शंका आली तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तेच दाखवता येतं.

मलमाबद्दल सगळ्यांसाठी: क्लोबेटासोल ०.०५ टक्के हेच या आजाराचं पहिलं औषध आहे, आणि निदान न करता वापरलं तर तेच नुकसान करतं. बुरशी असेल तर वाढवतं, कॅन्सरचा डाग असेल तर झाकतं. म्हणून ते दुकानातून आपापलं आणायचं नाही.

फार्मसी_नगर

डॉक्टर, मी औषध दुकानदार आहे आणि तुमचं म्हणणं मनाला लागलं. दिवसातून तीन-चार माणसं काउंटरवर वाकून हळू आवाजात मागतात. आम्ही चिठ्ठी मागितली तर निघून जातात आणि पुढच्या दुकानात मिळवतात. मी आता एक प्रश्न विचारायला लागलोय: "साखरेची गोळी चालू आहे का?" डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना या जागी बुरशी जास्त होते, कारण लघवीतून साखर बाहेर टाकूनच ती औषधं काम करतात. हो म्हणाले तर मलम देत नाही, त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवतो.

अविनाश_ऑडिट

नगरकर, हे आमच्याही कामाचं आहे. कॅन्डिडल बॅलनायटिस बी३७.४२, आणि तो त्या गोळीमुळे झाला असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर प्रतिकूल परिणामाचा टी३८.३एक्स५ए जोडायचा. लिहिलं नसेल तर औषधांची यादी बघून आपण संबंध लावायचा नाही. मधुमेहाचा कोड आणि झेड७९.८४ मात्र लागतील. त्याच गोळ्यांबाबत अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०१८ मध्ये फोर्निए गँग्रीनचा (गुप्तांगाजवळच्या ऊती झपाट्याने सडवणाऱ्या संसर्गाचा) इशारा दिला होता. ते दुर्मीळ आहे, पण नोटमध्ये ताप, सूज, असह्य वेदना असं दिसलं तर चार्ट दोनदा वाचा.

स्वराली_आई

विषय मोठ्यांचा आहे, पण माझा मुलगा चार वर्षांचा आहे आणि त्याची कातडी मागे जात नाही. सासूबाई म्हणतात रोज अंघोळीला तेल लावून ओढ. तो रडतो. हे तेच आहे का?

त्वचावैद्य_कोल्हापूर

ताई, ओढू नका. या वयात कातडी चिकटलेली असणं स्वाभाविक आहे, बहुतेकांची वाढत्या वयात आपोआप सुटते. जोराने ओढल्याने चिरा पडतात, त्या भरताना खरी घट्ट कातडी तयार होते. सासूबाईंना सांगा, वरून पाण्याने धुतलं की पुरे. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगून त्याला दुखत असेल, वारंवार लाल होत असेल, किंवा टोकाशी पांढरं टणक कडं दिसलं तर मात्र दाखवा. मुलांनाही लायकन स्क्लेरोसस होतो.

नेहा_आर

मूळ विषयाकडे. क्वेरी कशी लिहायची? मी एकदा "कृपया बीएक्सओ लिहावे, म्हणजे एन४८.० लावता येईल" अशी पाठवली होती. टीएलने (टीम लीडरने) खूप सुनावलं.

अविनाश_ऑडिट

सुनावलं ते योग्यच. क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही, आणि पैशाचा किंवा कोडचा उल्लेख तर अजिबात नाही. डॉक्टरांनी स्वतः लिहिलेली लक्षणं त्यांच्यापुढे ठेवायची, आणि पर्याय देणार असाल तर त्यातून जे जे वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे ते सगळे, "इतर" आणि "सांगता येत नाही" यांसकट. मी असं लिहीन: "अमुक तारखेच्या नोटमध्ये कातडीच्या तोंडाशी पांढरं टणक कडं, चिरा आणि बारीक धार यांची नोंद आहे. अमुक तारखेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट फायलीत आहे. या निष्कर्षांवरून आपलं अंतिम निदान काय, आणि मीटसची स्थिती काय, ते कृपया नोंदवावं." बस. डॉक्टर माणूस घाईत असतो, लांबलचक क्वेरी वाचत नाही.

आणि मुग्धाताई, तुमच्या चार्टला रिपोर्टवरून कोड लागतोच, तरी क्वेरी पाठवा असं मी म्हणेन. पुढच्या भेटीला तुमच्यासारखी सावध कोडर असेलच असं नाही.

मुग्धा_कोडर

पाठवते. आणखी एक अडचण होती ती इथेच विचारते. सुंतेनंतर वर्षभराने रुग्ण नुसता तपासायला येतो तेव्हा काय लावता? आमच्यात झेड८७.२ चालतो, त्वचेच्या आजाराचा पूर्वइतिहास म्हणून.

अविनाश_ऑडिट

आजार आपण जननेंद्रियांच्या प्रकरणात कोड केला, मग इतिहासही तिथलाच घ्या: झेड८७.४३८, पुरुष जननेंद्रियांच्या इतर आजारांचा पूर्वइतिहास, आणि आधी झेड०९ (उपचार संपल्यानंतरच्या तपासणीचा). पण हे फक्त डॉक्टरांनी "आजार आता नाही" असं लिहिलं असेल तर. मुंडावर पांढरेपणा शिल्लक आहे, मलम चालू आहे, असं असेल तर तो इतिहास झालेला नाही, एन४८.० चालूच राहील. हे ठरवणारं वाक्य नोटमध्ये नसेल तर पुन्हा क्वेरी. बायोप्सीत कार्सिनोमा इन सिटू (वरच्या थरापुरता कॅन्सर) आला असता तर सगळंच बदललं असतं, डी०७.४. एन४८.० बरोबर तो लावायचा नाही, एक्सक्लूड्स १ आहे.

त्वचावैद्य_कोल्हापूर

एक माहिती देऊन थांबतो. आयसीडी-११ मध्ये लायकन स्क्लेरोसस त्वचेच्या प्रकरणात ईबी६० खाली आला आहे, आणि जागेप्रमाणे त्याचे पोटभाग आहेत. मला हे बरं वाटलं. एका आजाराचं एक घर.

मुग्धा_कोडर

चार दिवसांनी लिहिते आहे. अविनाशदादांच्या शब्दांत क्वेरी पाठवली होती, काल उत्तर आलं. डॉक्टरांनी नोटला पुरवणी जोडली: "अंतिम निदान लिंगाचा लायकन स्क्लेरोसस, त्यामुळे झालेला फायमोसिस. शस्त्रक्रियेच्या वेळी मीटस आकाराने नेहमीसारखं, त्यावर पांढरेपणा नाही. मुंडावर डाव्या बाजूला छोटा पांढरा भाग शिल्लक, मलम चालू. सहा महिन्यांनी तपासणी, रुग्णाला कॅन्सरच्या धोक्याची कल्पना दिली." पाच ओळी. एन४८.०, एन४७.१, ५४१६१ असा क्लेम गेला.

ही पुरवणी मी टीममधल्या त्या नव्या मुलीला वाचायला दिली. "डाव्या बाजूला छोटा पांढरा भाग" इथे तिने पेन्सिलीने खूण केली आणि विचारलं, "म्हणजे सहा महिन्यांनी तो आला की हिस्टरीचा कोड लावायचा नाही ना?" मोठ्याने विचारलं, सगळ्यांसमोर.

मिरजकर_५१

रिपोर्ट सापडला, कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली लपवून ठेवला होता. नमुन्याचा क्रमांक वहीत उतरवला आहे आणि रिपोर्ट फायलीत सगळ्यात वर लावला. सांगलीच्या डॉक्टरांची शुक्रवारी अकराची वेळ घेतली. बायकोला सांगितलं, ती बरोबर येते आहे.